बिनपगारी

पगाराचे हिशेब करणाऱ्या माणसाला रजेच्या दोनच जाती दिसतात: पगारी आणि बिनपगारी. कोण आजारी होतं, कोणाच्या घरी लग्न होतं, कोण नुसताच कंटाळला होता, हे सगळं आमच्या टेबलापर्यंत येईतो गळून पडलेलं असतं. उरतात ते तास, दर आणि एक कोड. मी सिडनीत हेच काम करते आणि मला ते आवडतं, हे सांगितलं की लोक सहानुभूतीने बघतात. बघू देत.

इथे आल्यावर या कामात मला बसलेला पहिला धक्का सुखाचा होता. ऑस्ट्रेलियात बऱ्याच नोकऱ्यांमध्ये वार्षिक रजेवर जाणाऱ्याला नेहमीच्या पगारावर आणखी साडेसतरा टक्के देतात. कामावर न येण्याबद्दल जादा पैसे! आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "कापत असतील गं, नीट वाच." बिनपगारी रजेचं मात्र सगळीकडे सारखंच. अर्ज घेऊन येणारा माणूस उगाच आवाज खाली आणतो, कारण न विचारता सांगतो, आणि जाता जाता "किती कापले जातील?" हे अशा सुरात विचारतो की आपल्यालाच सावकार झाल्यासारखं वाटावं.

या देशातल्या एका अख्ख्या खेळाचा जन्म याच प्रश्नातून झालाय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सिडनीत सोमवारी सकाळी ऑफिसात 'फूटी'शिवाय बोलणं होत नाही. फूटी म्हणजे फुटबॉल नव्हे, रग्बी. आणि रग्बी म्हणजे तरी कुठली? इथे त्या दोन आहेत. एक रग्बी युनियन, पंधरा जणांची. ती महागड्या खासगी शाळांत शिकलेली माणसं आवडीने बघतात. दुसरी रग्बी लीग, तेरा जणांची. ती बाकी सगळे बघतात. चेंडू तोच लांबोडका, धडका त्याच, पण दोन्हींचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या, इतिहासात भांडण मुरलेलं. मुंबईत असताना बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेरून पावसाळ्यात चिखलात लोळणारी माणसं मी पाहिली होती. ती युनियनवाली, हे इथे आल्यावर समजलं. तेव्हा माझ्या दृष्टीने ती फक्त धुणं वाढवणारी माणसं होती.

खेळ एक आणि पंथ दोन, हे कशावरून? ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाने आपापल्या वर्गाप्रमाणे उत्तर दिलं. खरं उत्तर सहा शिलिंग असं आहे.

उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे रग्बी खेळाडू शनिवारी सामन्याला जात. शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामना परगावी असला की सकाळची पाळी बुडायची आणि तेवढी मजुरी जायची. क्लबांचं म्हणणं असं, की बुडालेल्या वेळेची भरपाई, जास्तीत जास्त सहा शिलिंग, आम्ही देतो. तेव्हा सगळा खेळ चालवणाऱ्या लंडनच्या रग्बी युनियन या संघटनेचं उत्तर होतं, खेळाचे पैसे घेतले की खेळ बाटतो. ज्यांची शनिवारची सकाळ कधी कोणाला विकलेलीच नव्हती, त्यांना हे म्हणणं सोपं होतं. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि वेगळे झाले. पुढे त्यांनी खेळ जलद आणि पाहण्याजोगा व्हावा म्हणून नियम बदलत नेले, 1906 मध्ये खेळाडूही तेरावर आणले. पैसे द्यायचे तर तिकिटं खपायला हवीत, हा साधा हिशेब त्यामागे होता.

ही ठिणगी सिडनीला पोचायला बारा वर्षं लागली, आणि तिथे ती पडली ती एका न्हाव्यावर. ॲलेक बर्डन हा चांगला रग्बी खेळाडू, पोटासाठी केशकर्तन करणारा. खेळताना त्याचा खांदा दुखावला. आता हात वर होत नसला तर वस्तरा चालवायचा कसा? काम बंद, कमाई बंद, आणि ज्या युनियनसाठी खेळताना हे झालं तिने भरपाई दिली नाही. त्याच 1907 च्या जुलैत न्यू साउथ वेल्स विरुद्ध न्यूझीलंड हा सामना बघायला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर बावन्न हजारांच्या आसपास माणूस लोटला होता. दारावरचा गल्ला लोकांना डोळ्यांनी दिसत होता. मला तर वाटतं, बर्डनचा खांदा एकटा पुरला नसता. पन्नास हजारांची गर्दी आणि एका न्हाव्याचा रिकामा गल्ला हे दोन्ही एकाच हंगामात दिसले, म्हणून लोक पेटले.

त्या गर्दीतला निम्मा तरी एका माणसासाठी आलेला असे. हर्बर्ट हेन्री मेसेंजर, सगळ्यांचा डॅली. 1883 मध्ये बालमेनला जन्मलेला. त्याच्या टोपणनावाची गोष्ट मला फार आवडते. लहानपणी याचं पोट इतकं गोल होतं की घरच्यांना तेव्हाचे ढेरपोटे राजकारणी विल्यम बीड डॅली आठवले, आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचं. वडील चार्ल्स मेसेंजर नामांकित नौकापटू आणि बोटी बांधणारे. डबल बेला त्यांचं बोटींचं आवार होतं आणि डॅली तिथेच रंधा मारत, फळ्या जोडत मोठा झाला.

डबल बे आज सिडनीतला अतिश्रीमंत भाग. फेरीतून उतरलं की लहानसा धक्का, डाव्या-उजव्या हाताला पांढऱ्या नौकांची दाटी, आणि थोडं पुढे गेलं की अशी दुकानं, ज्यांच्या काचेत वस्तूवर किंमत लिहिलेली नसते. इथले लोकच गमतीने त्याला 'डबल पे' म्हणतात. आमच्या खात्याला याहून योग्य पत्ता सापडणार नाही. या ठिकाणी कधी लाकडाचा भुसा आणि डांबराचा वास असेल, हे आता डोळ्यांसमोर आणायला बरेच कष्ट पडतात.

डॅली खेळायचा कसा, याची वर्णनं वाचताना सुरुवातीला मला ती भाबडी अतिशयोक्ती वाटली. मग एकाच प्रकारच्या गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेल्या दिसू लागल्या. समोरचा गडी पकडायला आला की हा चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि वळसा घालून स्वतःच झेलायचा. मैदानाच्या अगदी कडेच्या रेषेवरून, जिथून गोलाचे दोन खांब जवळजवळ एकावर एक दिसतात, तिथून लाथ मारून गोल करायचा. पुढे काय करणार हे प्रतिस्पर्ध्यांना कळत नसे, आणि स्वतःच्या संघालाही कळत नसे. ती एक अडचणच होती. लोकांनी त्याला 'द मास्टर' म्हणायला सुरुवात केली.

बंड करू पाहणाऱ्या मंडळींनी 8 ऑगस्ट 1907 ला जॉर्ज स्ट्रीटवरच्या बेटमन्स हॉटेलात बैठक घेऊन न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग स्थापन केली. (क्रांत्या हॉटेलातच का होतात? बहुधा खुर्च्या आयत्या मिळतात.) चिटणीस जेम्स गिल्टिनन, अध्यक्ष हेन्री हॉइल, आणि खजिनदार कोण, तर व्हिक्टर ट्रम्पर!

आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ट्रम्परची ओळख करून द्यायला नको. 1902 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत पहिल्याच दिवशी जेवणाआधी शतक ठोकणारा तोच. हा देवमाणूस रग्बीच्या भानगडीत काय करत होता, असं मलाही वाटलं. पण त्यात आश्चर्य नाही. तेव्हाचे ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू इंग्लंडचा दौरा स्वतःच्या हिशेबाने करत आणि नफा आपसांत वाटून घेत. खेळून पैसे मिळवण्यात पाप असतं हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. पुढे क्रिकेट बोर्डाने तो कारभार हातात घेतला, तेव्हा 1912 च्या इंग्लंड दौऱ्यावर जायला नकार देणाऱ्या सहा बड्या खेळाडूंत ट्रम्पर होताच. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तिथे तो धंदा कमी आणि दानधर्म जास्त करायचा असं सांगतात. अशा माणसाला खजिनदार नेमणारी संघटना टिकली, हा माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने चमत्कार आहे. त्याला ती जागा फार दिवस लाभली नाही. 1909 मध्ये हिशेबांवरून गिल्टिनन, हॉइल आणि ट्रम्पर तिघांनाही लीगमधून बाहेर पडावं लागलं. 1915 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने ट्रम्पर गेला.

लीग कागदावर झाली, पण डॅली आल्याशिवाय ती मैदानात उतरणार नव्हती. मग मंडळी डबल बेला मेसेंजरांच्या घरी गेली, आणि तिथे शेवटचा शब्द डॅलीच्या आईचा, ॲनी मेसेंजर यांचा ठरला, असं जवळजवळ सगळ्या हकिकती सांगतात. मला हे एकदम पटतं. चोवीस वर्षांचा घोडा, देशभर नाव, हजारो माणसं ज्याच्यासाठी तिकीट काढतात असा. पण असलेली जागा सोडून नव्या, उद्या चालेल की नाही याची खात्री नसलेल्या ठिकाणी जायचं का, हे आईला विचारायचं. माझ्या ऑफिसातली कितीतरी देशी पोरं आजही हेच करतात आणि 'घरी बोलून सांगतो' म्हणून चार दिवस मागून घेतात. त्या माउलीने होकार दिला. तिने नक्की काय विचारलं असेल याचा माझा अंदाज तुम्ही ओळखलाच असेल.

आता तारखा बघा, कारण मजा तारखांत आहे. 10 ऑगस्ट 1907 ला डॅली सिडनीत ऑस्ट्रेलियाकडून न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सविरुद्ध युनियनचा कसोटी सामना खेळला. 5-5 अशी बरोबरी झाली. 17 ऑगस्टला, बरोब्बर पुढच्या शनिवारी, तो रॉयल ॲग्रिकल्चरल ग्राउंडवर बंडखोर न्यू साउथ वेल्सकडून खेळला. समोर पुन्हा न्यूझीलंडचेच खेळाडू, पण तेही बंडखोर. वेलिंग्टनच्या पोस्टातला कारकून आल्बर्ट बास्करव्हिल याने हा संघ जमवला होता. 1905 च्या गाजलेल्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्सना खर्चापोटी रोज तीन शिलिंग मिळाले आणि संघटनेला गडगंज नफा झाला, हे तो विसरला नव्हता. वर्तमानपत्रांनी या पैसे घेणाऱ्या संघाला टोमण्याने 'ऑल गोल्ड्स' म्हटलं आणि पोरांनी ते नाव मिरवलं. गंमत म्हणजे लीगच्या नियमांचं पुस्तकच कोणाजवळ नसल्यामुळे ते सामने युनियनच्याच नियमांनी झाले. म्हणजे आठवड्यापूर्वीचाच खेळ, तेच नियम, तोच चेंडू, तेच शहर. बदललं होतं ते एवढंच, की आता गल्ल्यातला वाटा खेळाडूला मिळणार होता. तेवढ्यावरून युनियनने डॅलीला कायमचं बाहेर काढलं.

ते मैदान पुढे सिनेमाच्या स्टुडिओला गेलं. सुपरहिरो जिथे हिरव्या पडद्यासमोर उड्या मारतात, तिथे कुठेतरी हा सामना झाला.

ऑल गोल्ड्सने डॅलीला बरोबर इंग्लंडला नेलं. ऑस्ट्रेलियाचा खेळाडू न्यूझीलंडकडून ग्रेट ब्रिटनविरुद्ध कसोटी सामने खेळला आणि त्या दौऱ्यात सर्वांत जास्त गुण त्याचेच झाले. 1908 च्या मेमध्ये परत आला तो लगेच ऑस्ट्रेलियाकडून त्याच न्यूझीलंडविरुद्ध उतरला. वर्षभराच्या आत त्या एका देशाविरुद्ध, त्या देशाकडून आणि पुन्हा त्याच्याविरुद्ध! निष्ठेवर प्रवचनं देणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. मला एवढंच दिसतं की प्रत्येक वेळी गर्दी खूश होती. त्याच मे महिन्यात ब्रिस्बेनला न्यूमोनियाने बास्करव्हिल गेला. पंचवीस वर्षांचा होता.

1908-09 चा पहिला कांगारू दौरा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या लीग संघाची इंग्लंडवारी. डॅलीने कसोटीत नेतृत्व केलं आणि मैदानातली कामगिरी त्याने चोख बजावली, पण लँकेशायरमध्ये सूतगिरण्यांचा संप-टाळेबंदी चालू. ज्या कामगारांच्या जिवावर लीग उभी, त्यांच्याच खिशात तिकिटाचे पैसे नाहीत. दौऱ्याचं दिवाळं वाजलं, गिल्टिननचंही. त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाचा युनियन संघ, वॉलबीज, इंग्लंडमध्येच होता आणि लंडन ऑलिंपिकमध्ये कॉर्नवॉलला 32-3 ने हरवून सुवर्णपदक जिंकला होता. हौशी खेळाचा याहून मोठा सन्मान कोणता? तरी 1909 मध्ये जेम्स जॉइंटन स्मिथ या हॉटेलमालकाने पैशाची थैली सोडली आणि वॉलबीजपैकी चौदा जण लीगला येऊन मिळाले. त्यांत ऑलिंपिक संघाचा कप्तान ख्रिस मॅककिव्हटही होता. सुवर्णपदक गळ्यात होतं, पण घरभाडं त्याने भागत नसावं. सिडनीतली युनियनची गर्दी ओसरायला लागली ती तिथपासून.

डॅलीच्या उरलेल्या कारकिर्दीवर मी फार रेंगाळत नाही, कारण यशाचे हिशेब एकसुरी असतात. 1911 च्या हंगामात 270 गुण. तो विक्रम डेव्ह ब्राउनने 1935 मध्ये मोडेपर्यंत टिकला. त्याचा क्लब ईस्टर्न सबर्ब्ज 1911, 1912, 1913 असा लागोपाठ तीनदा विजेता झाला, त्यामुळे विजेत्याला फिरती मिळणारी ढाल कायमची क्लबला मिळाली, आणि क्लबने ती डॅलीलाच देऊन टाकली. 1911-12 च्या दौऱ्याला त्याने नकार दिला होता. 1913 नंतर थांबला.

मग हॉटेल चालवून पाहिलं, जमलं नाही. क्वीन्सलंडला केळीची बाग केली, तीही बुडाली. शेवटी सरकारी बांधकाम खात्यात सुताराची नोकरी धरली. बापाच्या आवारात शिकलेला रंधाच कामी आला. आमच्या भाषेत, हप्ताभर काम, हप्त्याला पगार. 1959 मध्ये गनेडाला तो वारला. आता मूर पार्कच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, आणि 1980 पासून लीगच्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्या नावाचं पदक, 'डॅली एम', देतात. त्या समारंभाला खेळाडूंच्या बायकांचे कपडे हा वेगळा सामना असतो आणि मी तो प्रामाणिकपणे बघते.

युनियनने पैसे घ्यायला अधिकृत परवानगी दिली ती 26 ऑगस्ट 1995 ला, पॅरिसमध्ये. हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी. इतकी जुनी थकबाकी मी कुठल्याही लेजरमध्ये पाहिलेली नाही. त्यानंतर पाणी उलटं वाहू लागलं, कारण आता युनियनच्या तिजोरीत जास्त पैसा होता. 2003 च्या युनियन विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, इथे सिडनीतच, ऑस्ट्रेलियाच्या मागल्या फळीतले तिघेही, वेंडेल सेलर, मॅट रॉजर्स आणि लोटे तुकिरी, लीगमधून आणलेले होते. सुरुवातीलाच स्टीफन लार्कमने उंच लाथ मारली आणि तुकिरीने इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सनच्या डोक्यावरून झेल घेऊन ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवून गुण मिळवले. रॉबिन्सनही मूळचा लीगचाच. युनियनचा जगज्जेता ठरवायला मैदानात लीगचे दोन भिडू एकमेकांवर उड्या मारत होते! सामना इंग्लंडने जादा वेळेत 20-17 असा जिंकला. त्या तिघांना कोणी हाकललं नाही, उलट कौतुकाने घेतलं होतं. लाल गालिचा अंथरला होता म्हणा ना.

आणि लीगचं? तिथे आता भांडण उलट्या बाजूचं आहे. पूर्वी पैसे देण्यावर बंदी होती, आता जास्त पैसे देण्यावर आहे. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा ठरलेली असते, आणि ती चोरून ओलांडली म्हणून 2010 मध्ये मेलबर्न स्टॉर्म या क्लबकडून 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली. करारांचं एक बाड दाखवायला आणि दुसरं कपाटात, असा तो प्रकार. ऑफिसात सगळे संतापून बोलत होते. मी मात्र दुसऱ्या बाडात खर्च कोणत्या खात्याला टाकला असेल या विचारात होते.

डॅलीचा ईस्टर्न सबर्ब्ज आज सिडनी रूस्टर्स झालाय. बुडालेल्या मजुरीच्या भांडणातून उभा राहिलेला हा क्लब आता श्रीमंतांचा समजला जातो. बाकीचे क्लबवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात, इतके चांगले खेळाडू त्या मर्यादेत बसतातच कसे म्हणून. मी राहते पॅरामाटाच्या बाजूला. इथे रूस्टर्सचं नाव चांगल्या अर्थाने काढणं म्हणजे शेजाऱ्यांशी वैर. तरी गेल्या हंगामात मी धीर करून म्हटलं, की त्यांचा हिशेब चोख असेल, काय सांगावं. माझ्या समोरच्या टेबलावरच्या बाईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "एकदा मला दाखव त्यांचं पगारपत्रक, मग बोल."

खरं सांगते, मलाही बघायचंय.